दुसऱ्या श्रेणीचं घर

३ फेब्रुवारी

आमचं घर यादीत जाणार! म्हणजे जाईल असं मला वाटतं. उपनगरातल्या जुन्या वास्तूंची यादी करायला नगरपालिकेने वारसा समिती नेमली आहे, आणि समितीने पाठवलेली एक तरुण आर्किटेक्ट आज सकाळी दारात उभी होती. पाठीवर सॅक, कमरेला मोजायची टेप. मी दार उघडलं तरी तिने आधी माझ्याकडे पाहिलंच नाही. चौकटीच्या दगडावर तळहात टेकवला, ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा. तिथेच ती मला आवडली. नाव सांगितलं, पण माझ्या लक्षात टेपच राहिली. माझ्यासाठी ती टेपवाली.

तिला घरभर फिरवलं आणि माहिती दिली. एका इंजिनिअरने हे स्वतःसाठी बांधलं. इथला पाण्याचा तलाव बांधायला तो आला होता. तलावाच्या भिंतीला जो काळा दगड, तोच आमच्या घराला. तेव्हा आजूबाजूला नुसतं माळरान होतं. त्याच्या पश्चात त्याच्या बायकोकडून बाबांनी घर घेतलं, तेव्हा मी रांगत होते आणि ताई शाळेत जात होती. आता चारी बाजूंना इमारती उठल्या आहेत आणि आमचं घर मधे असं बसलं आहे, जसं ग्रुप फोटोत ठेंगण्या मुलीला पुढे खाली बसवतात.

ताई दिवाणखान्यात दिवाणावर बसून ऐकत होती. टेपवाली गेल्यावर म्हणाली, "दगडाला कशाला गं सर्टिफिकेट? तो काय नोकरीला लागणार आहे?"

"अगं, एकदा यादीत नाव आलं की कुणी पाडू शकत नाही."

"पाडतंय कोण?"

कोण ते तिला चांगलं ठाऊक आहे. तिच्याच पोटचा आहे.

९ फेब्रुवारी, रविवार

चिरंजीवांचा फोन. (ताईचा मुलगा. डायरीत मी त्याला चिरंजीवच म्हणणार, कारण समोर म्हणता येत नाही.) पुन्हा तेच. त्याच्या घराजवळ नवी इमारत झाली आहे, तळमजल्यावर फ्लॅट आहे, दाराशी गाडी येते, एक पायरी नाही.

"बेबीमावशी, तू एकदा येऊन बघ तरी."

"मी दगडी घरात वाढले रे. पुठ्ठ्याच्या खोक्यात राहायला नाही येणार."

"बरं, फ्लॅट राहू दे. तू जरा आईकडे नीट बघतेस का?"

मला राग आला. म्हटलं, "मी रोज बघते. तू सणावारी उगवतोस."

तो म्हणाला, "दे तिला फोन." मी दिला. मुलगा वाईट नाही. लहानपणी इथल्याच व्हरांड्यात माझ्या मांडीवर बसून पाढे म्हणायचा. पण मोठी झाली की मुलांना घर म्हणजे नुसती जागा दिसायला लागते. घर आम्हा दोघींच्या नावावर आहे. आम्ही असेपर्यंत ठीक, नंतर पहिला घण कुणाचा पडणार ते मला दिसतंच आहे. म्हणून ही यादी. पहिल्या श्रेणीत गेलो तर बाहेरच्या एका दगडालाही कुणी हात लावू शकणार नाही, असं टेपवाली म्हणाली. मला पहिलीच हवी. शाळेतसुद्धा मी दुसरी कधी आले नाही. (हस्तकला सोडून.)

१४ फेब्रुवारी

टेपवाली दिवसभर इथेच होती. तिची काम करायची पद्धत बघण्यासारखी आहे. भरदिवसा टॉर्च घेऊन भिंतीला चिकटून उभी राहते आणि उजेड आडवा टाकते. त्या तिरप्या उजेडात दगडावरचे टाकीचे घाव उठून दिसतात. तिने मला दाखवलं, पुढच्या भिंतीवर दोन निरनिराळ्या कारागिरांचे हात आहेत. एकाचे घाव उजवीकडून डावीकडे उतरतात, दुसऱ्याचे उलटे. दुसरा डावखुरा होता.

इतकी वर्षं मी या भिंतीला पाठ टेकून वह्या तपासल्या! तो डावखुरा माझ्या पाठीशीच उभा होता म्हणायचा.

तिला सगळ्यांत जास्त आवडल्या त्या दर्शनी पायऱ्या. जोतं उंच, म्हणून पायऱ्याही बऱ्याच. वर अरुंद आणि खाली पसरत गेलेल्या, ओचा पसरून बसावं तशा. प्रत्येक पायरी एकाच अखंड दगडाची. कठडा नाही, खांब नाही, काही नाही.

"अशा या भागात दुसऱ्या राहिल्या नाहीत," ती म्हणाली. "श्रेणी ठरेल ती यांच्यावर."

ताईला ही बातमी द्यायला धावत आत गेले. ती म्हणाली, "पायऱ्या ना? हो, उंच आहेत खऱ्या."

एवढंच. माझ्या बहिणीला कौतुक म्हणून करता येत नाही कशाचं.

१६ फेब्रुवारी

आज दूधवाल्याला चांगला झापला. घरातल्या बोळाच्या दगडी भिंतीवर, दिवाणखान्यापासून न्हाणीघरापर्यंत, कमरेच्या उंचीवर काळपट तेलकट डाग. दाराच्या चौकटीवर तर पंजाच उमटलेला. मागच्या महिन्यात पुसले होते, पुन्हा हजर. मी म्हटलं, दूध दारात द्यायचं असतं, आत येऊन भिंती चोळायच्या नसतात. तो म्हणाला, "बाई, मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही." मग काय भिंतीला घाम फुटतो?

ताई मधेच म्हणाली, "बोलू नकोस गं त्याला, गरीब बिचारा." दूधवाल्याचा कळवळा. माझा नाही. तारेचा ब्रश आणि साबण घेऊन सगळं घासून काढलं. खांदे भरून आले आहेत.

१९ फेब्रुवारी

तारेच्या ब्रशवरून टेपवालीची बोलणी खाल्ली. "काकू, दगडाची कातडी असते! तुम्ही ती सोलून काढलीत!" मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते तेव्हा सिस्टरनीही मला इतकं कधी सुनावलं नव्हतं. मी मान खाली घालून उभी. दिवाणावरून ताई आनंदाने बघत होती. "रागवा, रागवा, आणखी रागवा तिला. चाळीस वर्षं मुलींना रागावली आहे ती."

ताई हल्ली खालीच झोपते, हे लिहायचं राहिलं. वरच्या खोलीत पंखा कुरकुरतो म्हणे. मी पंखेवाल्याला बोलावून तेल घालून घेतलं, तर आता म्हणते, पहाटे खिडकीवर पक्षी येऊन भांडतात. मला खरं कारण माहीत आहे. दिवाणखान्यातला सकाळचा उजेड. लहानपणापासून तिचा त्या खोलीवर डोळा होता, पण बाबा तिथे पाहुण्यांशिवाय कुणाला बसू द्यायचे नाहीत. आता म्हातारपणी राज्य मिळालं आहे. आणि राणीसाहेबांना सगळं जागेवर लागतं. बेबी, शाल आण. बेबी, वरून चष्मा आण. बेबी, शिंप्याकडे जाशील का, माझे कपडे घट्ट झालेत. मी म्हटलं, स्वतः जा की, मापं तुझी आहेत. तर म्हणते, "माझी मापं बघून शिंप्याला वाईट वाटतं. तू जा."

पूर्वी गल्लीच्या टोकापर्यंत रोज दोन फेऱ्या मारायची आणि येताना पंधरा घरच्या बातम्या आणायची. आता माणसांचा कंटाळा आला म्हणे. ताईला! माणसांचा!

२२ फेब्रुवारी

टेपवालीने घराची रेखाचित्रं आणली. किती सुंदर! प्रत्येक दगड काढला आहे. मी तर चित्रात माझी खिडकी बघून रडलेच.

चित्रात बोळाच्या भिंतीवर तिने फिकट ठिपके ठेवले होते. मी विचारलं, हे काय? म्हणाली, "हे हाताचे डाग. तुम्ही घासलेत तरी दगडाच्या आत तेल मुरलेलं आहे. पण काकू, हे जुने नाहीत. वर्षाच्या आतले आहेत. कुणीतरी रोज इथे हात टेकत टेकत जातं."

"दूधवाला," मी म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आणि बाहेरच्या पायऱ्यांवर कडेला धूळ आहे, मधोमध मात्र पुसल्यासारखं स्वच्छ आहे. पावलांनी असं होत नाही. कुणी बसत बसत उतरतं का?"

मला हसू आवरेना. "आमच्याकडे काय रांगतं मूल आहे?"

तीही हसली, पण अर्धवट. नंतर पाणी प्यायला म्हणून आत गेली ती बराच वेळ ताईशी बोलत बसली. मी मुद्दाम गेले नाही. ताईला बोलायला नवं माणूस मिळालं तर बरंच. जाताना टेपवालीने माझा हात उगाच दाबला. प्रेमळ आहे मुलगी.

५ मार्च

आज जे कानावर पडलं ते लिहू की नको असं झालं आहे. लिहितेच. सिस्टर म्हणायच्या, डायरीत खोटं लिहायचं असेल तर त्यापेक्षा भरतकाम करा.

दुपारी मी बाजारातून आले. ताई फोनवर होती, तिची पाठ दाराकडे. "तिला काही सांगू नकोस," ती म्हणत होती. "शपथ आहे तुला माझी. मी सांगेन योग्य वेळी." मग थोडं थांबून, "हो रे बाबा, काळजी घेते. मागच्या वेळी चुकून झालं." मी पिशवी मुद्दाम जोरात ठेवली. तिने फोन ठेवला आणि म्हणाली, "आलीस? भाज्या ताज्या मिळाल्या का?"

म्हणजे दोघांचं ठरलं आहे. आई आणि मुलगा. फ्लॅटचं. "मागच्या वेळी चुकून झालं" म्हणजे काय? सही केली की काय कशावर? तिच्या कोपराला मोठं काळंनिळं झालं आहे. विचारलं तर म्हणाली, कपाटाचं दार लागलं. मी पुढे विचारलं नाही. विचारण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

ज्या बहिणीने मला कॉन्व्हेंटच्या फाटकापर्यंत हात धरून नेलं, बुटाची नाडी बांधायला शिकवली, ती मला न सांगता माझं घर मोडणार!

१२ मार्च

आठवडाभर आम्ही फक्त मिठापाण्याचं बोलतो आहोत. आज शेवटी मीच तोंड उघडलं.

"तुला हे घर यादीत जायला नको आहे का?"

"मी कधी नको म्हटलं?"

"हवं असंही म्हटलं नाहीस."

"बेबी," ती म्हणाली, "तुला हवं आहे ना? मग मला हवं आहे. आता विचारायचं बंद कर आणि मला तो तक्क्या दे पाठीशी."

तक्क्या दिला. तिने माझ्या गालाला हात लावला. मला आणखीच रडू आलं. फितूर माणसं इतकं गोड का वागतात?

समितीसाठी 'या वास्तूचं महत्त्व' अशा मथळ्याखाली एक पानभर निवेदन घरच्यांनी लिहायचं आहे. मी मराठी शिकवलं, निबंधांवर लाल शाई ओतली, आणि मला एक पान जमत नाही. पहिल्या मसुद्यात इंजिनिअर आणि तलाव. फारच पाठ्यपुस्तकी. दुसऱ्यात बाबांची आरामखुर्ची, माझ्या गोवरात ताईने भिंतीवर हातांच्या सावल्यांनी केलेला ससा, पावसात न्हाऊन काळीभोर झालेली भिंत. ताईला वाचून दाखवलं. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "ससा नव्हता, हत्ती होता. माझ्या बोटांना कान जमायचे नाहीत." मग म्हणाली, "छान लिहिलं आहेस. इथून हलायचं नाही असं वाटावं असं लिहिलं आहेस." आवाज कसातरीच होता. मला वाटतं मनात टोचलं असेल तिला.

२३ मार्च

उद्या समिती येणार. पायऱ्या साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसल्या (ब्रश नाही!). ताईचे निळे कपडे इस्त्री केले. तिने विचारलं, "मला बाहेर यावं लागेल का?"

"अर्थात. घरच्या माणसांसकट फोटो घेतात."

"व्हरांड्यात उभी राहिले तर चालेल?"

"बघू," मी तुटकपणे म्हटलं. एवढंही करवत नाही माझ्यासाठी.

२४ मार्च

आज लिहिणार नाही.

२५ मार्च

लिहायलाच हवं.

समितीचे अध्यक्ष, आणखी दोघं (त्यांतला एक फोटोवाला) आणि टेपवाली अशी मंडळी आली. अध्यक्ष म्हणजे पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे, आदबशीर गृहस्थ. त्यांनी भिंती पाहिल्या, छत पाहिलं, आणि पायऱ्यांपाशी आले तेव्हा चक्क चपला काढल्या. "या पायऱ्यांना कुणी हात लावलेला नाही," ते म्हणाले. "एक भोक नाही, एक खिळा नाही. बाई, ही पहिली श्रेणी आहे. मी स्वतः तसं लिहीन." मला वाटलं मी तरंगते आहे.

मग फोटो. "दोघी बहिणी खालच्या पायरीवर उभ्या राहा, मागे सगळं दर्शन येऊ द्या."

ताई व्हरांड्याच्या कडेला, खांबाला धरून. निळे कपडे, केस नीट विंचरलेले. म्हणाली, "मी वरूनच शोभते हो. देवळाच्या कळसासारखी." सगळे हसले.

"या ना आजी, खाली या," अध्यक्ष म्हणाले.

"ताई, पुरे," मी म्हटलं. "सगळे खोळंबलेत." वर गेले आणि तिचा हात धरून ओढला. हो, ओढला. तिचा हात घामाने थबथबला होता आणि तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुखलं. तोंडाने मात्र ती हसतच होती.

"सोड," ती हळूच म्हणाली. "माझ्या पद्धतीने येते."

आणि माझी ताई, आख्ख्या गल्लीला दरारा वाटायचा ती माझी ताई, त्या परक्या पुरुषांसमोर निळे कपडे सावरून वरच्या पायरीवर बसली. दोन्ही हात दगडावर टेकले, पाय खालच्या पायरीवर ठेवले आणि घसरत एक पायरी उतरली. मग दुसरी. अध्यक्षांनी मान वळवली. टेपवालीने वळवली नाही. ती पुढे होऊन ताईच्या खालच्या पायरीवर उभी राहिली, तोल गेला तर सावरायला. तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. फक्त पायऱ्या पुसणारीला ठाऊक नव्हतं.

खाली पोचल्यावर ताईने टेपवालीचा हात धरून उभं राहत मला म्हटलं, "आता इथे ये, बेबी. माझ्या डाव्या अंगाला उभी राहा. उजवा गुडघा बरा आहे." मग फोटोवाल्याला, "घ्या पटकन, फार वेळ नाही उभं राहता येत."

फोटो निघाला. त्यात मी कशी दिसत असेन देव जाणे.

मी अध्यक्षांना म्हटलं, "इथे कठडा बसवायचा आहे. धरायला."

ते म्हणाले, "बाई, पहिल्या श्रेणीत दर्शनी भागाला बदल करता येत नाही. मागच्या बाजूला काही सोय..."

"मागची वाट गटारात उतरते. माझी बहीण पुढच्या दाराने बाहेर पडत आली आहे. पुढच्याच दाराने बाहेर पडेल."

"मग मला दुसरी श्रेणी लिहावी लागेल. तिच्यात बदल मान्य करून घेता येतात, पण संरक्षण तितकं पक्कं नाही. पुढे कुणी परवानगी मागितली तर..."

"दुसरी लिहा," मी म्हटलं.

मागून ताई ओरडली, "काही लिहू नका हो! ती वेडी आहे! पहिलीच लिहा!"

"दुसरी," मी म्हटलं. चाळीस वर्षं वर्गात वापरला तो आवाज निघाला. अध्यक्षांनी पेन काढलं.

२६ मार्च

काल ताई दिवसभर माझ्याशी बोलली नाही. आज मीच तिच्या दिवाणावर पायाशी जाऊन बसले.

"का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी गाशा गुंडाळून फ्लॅटमध्ये गेली असतीस. माझ्यासाठी. आणि रोज खिडकीत बसून सिमेंटकडे बघत गप्प राहिली असतीस. मला तुझं गप्प राहणं झेपत नाही. गुडघ्यांचं झेपतं."

"पडली होतीस ना? कोपराचं?"

"बोळात. एकदाच."

"आणि पायऱ्यांवरून कशाला उतरायचीस मी नसताना?"

"बघायला, अजून जमतं का ते. तू शाळेच्या मैत्रिणींकडे गेलीस की सराव करायचे. फोटोचा दिवस येणार हे मला माहीत होतं की."

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "गुडघ्यावर नको गं बाई, तिथेच दुखतं."

४ एप्रिल

चिरंजीवांना मी स्वतःहून फोन केला. म्हटलं, "तू सांगत होतास, आईकडे नीट बघ म्हणून."

"हो मावशी. तिने शपथ घातली होती."

"शपथ मोडायची होतीस."

"ती तुझी बहीण आहे मावशी. तिची शपथ मोडून बघ एकदा तू."

आम्ही दोघंही हसलो. मग मी विचारलं, जेवतोस ना वेळेवर, आणि एकदम आठवलं की हे मी त्याला वर्षभर विचारलं नव्हतं. फ्लॅटचा विषय त्याने काढला नाही. मीच काढला. कधीतरी बघायला येईन म्हटलं. बघायला, एवढंच.

११ एप्रिल

कठड्यावरून टेपवालीशी वाद. मला वाटत होतं, त्याच काळ्या दगडाचा करावा, पहिल्यापासून होता असं वाटेल असा.

"तेच तर करायचं नसतं," ती म्हणाली. "नवं ते नवंच दिसलं पाहिजे. खोटं जुनं करायचं नाही. लोखंडाचा साधा गज, आणि भोकं दगडात नाही, सांध्यांत. उद्या कुणाला काढायचा झाला तर दगडावर ओरखडा राहणार नाही."

ताई म्हणाली, "बरोबर आहे. मी केस रंगवायचं सोडलं ते याच तत्त्वावर."

मी हरले. बोळातही तसाच गज लागणार, आणि खालचं न्हाणीघर थोडं रुंद होणार. रेखाचित्रात तिने कठडा वेगळ्या रंगात काढला आणि शेजारी यंदाचं साल घातलं. शंभर वर्षांनी कुणी बघितलं तर इंजिनिअरच्या माथी मारायला नको, म्हणाली. मग तिने विचारलं, "कुणासाठी बसवला तेही लिहू का?" मी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "लिही, एका जाड्या बाईसाठी."

२० एप्रिल

लोहार आणि त्याचा जोडीदार आले. ड्रिलचा आवाज सुरू झाला तेव्हा मी वरच्या खोलीत जाऊन उशीत डोकं खुपसलं. दात काढताना होतं तसं वाटत होतं, फक्त दात माझा नव्हता. ताई मात्र व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली होती आणि तिचा आवाज ड्रिलच्या वर येत होता. "अहो, वाकडा जातोय! सांध्यात म्हणाली ना ती, सांध्यात! आणि उंची माझ्या हाताच्या मापाने घ्या, स्वतःच्या नको. तुम्ही जिराफ आहात."

संध्याकाळी ती गज धरून उतरली. उभी. चालत. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत, शाळेत नव्याने आलेल्या मुलीसारखी. खाली पोचल्यावर वळून माझ्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या. "नाटकं नकोत," ती म्हणाली, आणि पुन्हा चढायला लागली.

२७ एप्रिल

सकाळी ताई शिंप्याकडे गेली. एकटी. काठी आणि पिशवी घेऊन. मी म्हटलं, मी येते; म्हणाली, अजिबात नाही. शिंपी कोपऱ्यावर आहे, पण बराच वेळ झाला तरी पत्ता नाही. मी खिडकी सोडली नाही. शेवटी दिसली. दूधवाल्याशी बोलत उभी, नुसती बोलत नाही, हातवारे करून. घरी आली ती बातम्यांचं गाठोडं घेऊन. समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरबाई भांडून माहेरी गेल्या आहेत, कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या मुलाने नोकरी सोडून गाणं शिकायला घेतलं आहे, आणि मी दूधवाल्याची माफी मागावी अशी त्याची इच्छा नाही, पण मागितली तर त्याला आवडेल.

उद्या मागेन. घरात इतका आवाज किती महिन्यांनी झाला!

९ मे

समितीचं पत्र आलं. दुसरी श्रेणी. माझं निवेदनही परत पाठवलं आहे, नोंदीसाठी लांब झालं म्हणून. त्यांनी त्यातलं एकच वाक्य घेतलं आहे. इंजिनिअरचं नाही, तलावाचंही नाही. "या घरात दोन बहिणी राहतात." एवढंच. मी वाक्यरचना तपासली. चूक काही नाही.

पत्र ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दुसरी आलीस म्हणून रडू नकोस हं." मी कुठे रडत होते?

संध्याकाळी दोघी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. ताई पुढे, मी मागे, कारण तिला वाटेत प्रत्येकाशी थांबावं लागतं. परत येताना ती गजाला धरून वर गेली. लोहार म्हणाला होता, गजाला रोज माणसाचा हात लागत राहिला की तो गंजत नाही, उलट चकाकी धरतो. म्हणून चढता-उतरताना हल्ली मीही धरते. तेवढ्यासाठीच.